निर्मल निरोप

युद्ध तिकडे आखातात पेटलं आणि महिना उलटायच्या आत इकडे कुरुंदपूरच्या स्मशानातली गॅसची भट्टी थंड पडली.

कुरुंदपूर हे पैनगंगेच्या काठचं, लोणारपासून फार लांब नसलेलं गाव. आता शहर म्हणायचं. इथल्या माणसाला आखाताशी काही देणंघेणं नव्हतं. पण जहाजांची वाट ज्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून जाते तिथे कुणीतरी सुरुंग पेरले आणि तिकडून येणारा गॅस थांबला. सरकारनं आधी सांगितलं, साठा भरपूर आहे. मग दर गोठवले. पोटनिवडणुकीचं मतदान संपलं त्या संध्याकाळी ते वितळले. नंतर एकामागून एक हुकूम सुटू लागले. दुकानं दिवेलागणीला बंद. रस्त्यावरचा एकाआड एक दिवा बंद. हॉटेलात तळलेले पदार्थ बंद. मंत्री एक दिवस सायकलवरून कचेरीत गेले, फोटो निघाले, आणि सायकली टेम्पोतून परत गेल्या. गॅसची टाकी मिळेनाशी झाली तशा परसात, गच्चीवर, जिन्याखाली चुली पेटल्या. लोकांनी आधी बाभळी तोडल्या, मग रस्त्याकडेचे कडुनिंब. तेव्हा लाकूड तोडण्यावरही बंदी आली.

जिवंत माणसांची ही गत, तिथे मेलेल्यांना कोण विचारतो? स्मशानात प्रेतं खोळंबू लागली. उन्हाळा होता. नगरपालिकेनं बर्फ मागवला, तर बर्फाच्या कारखान्याचीही वीज कापलेली.

रेवती ठोसरची टाकी सरकारला आठवली ती तेव्हा.

रेवती तिथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायची. पन्नाशीला आलेली, लग्न न केलेली, म्हाताऱ्या वडिलांबरोबर राहणारी. काही वर्षांपूर्वी लम्पीच्या साथीत जिल्ह्यातली जनावरं पटापट मेली. पुरायला जागा नाही, जाळायला लाकूड नाही; कुत्री तंगड्या ओढत गावात आणायची. ते पाहून तिनं हे काम हाती घेतलं होतं.

मूळ कल्पना तिची नव्हती. आपलं शरीर म्हणजे बहुतेक पाणीच, आणि त्या पाण्यात प्रथिनांच्या लांबलचक साखळ्या. मातीत पुरलं की जिवाणू या साखळ्यांची एकेक कडी तोडत जातात; त्याला वर्षं लागतात. तीव्र क्षाराच्या पाण्यात घालून खूप तापवलं, तर तेच काम काही तासांत होतं. परदेशात अशी यंत्रं होती, पण त्यांना प्रेशर कुकरसारखी जाड पोलादी भांडी लागत आणि भरमसाट उष्णता लागे. रेवतीनं लोणारच्या सरोवराकडे पाहिलं. त्या पाण्यात इतका क्षार की मासा जगत नाही; जिवाणू मात्र सुखानं जगतात. मग त्यांचे पाचक रसही तसल्या पाण्यात टिकणारे असणार. काठच्या चिखलातून असा एक जिवाणू वेगळा काढायला तिला चार वर्षं लागली. त्याचं विकर, म्हणजे तो पाचक रस, क्षाराच्या पाण्यात, गच्चीवरच्या सौर बंबात तापतं तेवढ्याच उष्णतेला, प्रथिनं भराभर उलगडत असे. चरबीचा साबण होई. दुसऱ्या दिवशी टाकीत उरायचं ते तपकिरी, साबणाच्या वासाचं पाणी आणि खडूसारखी पांढरी हाडं. बोटांत धरली तरी त्यांचा भुगा व्हायचा. धूर नाही, लाकूड नाही, गॅस नाही.

या कामात पहिल्यापासून तिच्याबरोबर होती गोदावरी नागरे, प्रयोगशाळेतली परिचर. सरोवराच्या काठचा चिखल डब्यांत भरून तिनं वाहिला होता, पहिलं मेलेलं वासरू रेवतीच्या बरोबरीनं टाकीत उतरवलं होतं. दोघी एका वयाच्या. रेवती तिला गोदाबाई म्हणे, ती रेवतीला मॅडम. दुपारचा डबा दोघी एकाच टेबलावर खात.

मंत्रालयातून उपसचिव निरंजन मोघे आले. त्यांनी टाकी पाहिली, पाण्याचा वास घेतला, हाडाचा तुकडा बोटांत चुरून पाहिला.

"माणसांसाठी चालेल?" त्यांनी विचारलं.

"चालेल. दोघांनी मरण्याआधी तशी इच्छा सांगितली होती, त्यांचं केलंही आहे. पण ज्याला हवं त्याच्याच साठी. नको म्हणणाऱ्यावर लादायचं नाही."

"अर्थात. ऐच्छिकच."

रेवतीनं फळ्यावर खडूनं गणित मांडलं. "हेही बघून ठेवा. राज्यातल्या सगळ्या गॅसच्या भट्ट्या वर्षभर बंद ठेवल्या, तर वाचलेला गॅस एका खत कारखान्याला जेमतेम दोन दिवस पुरेल. यानं टंचाई हटणार नाही."

मोघे हसले. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. "टंचाई आमच्यानं हटणारच नाही, मॅडम. ती सामुद्रधुनी उघडेल तेव्हा हटेल. तोवर सरकार काहीतरी करतंय हे दिसायला हवं. दुकानदारांना सांगावं तर ते संप करतात. कारखानदारांना सांगावं तर ते शेजारच्या राज्यात जातात…"

वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. रेवतीनंही ते पुरं करायला सांगितलं नाही. इतकी वर्षं तिच्या टाकीकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, आणि आज मंत्रालय तिच्या दारात आलं होतं.

योजनेला नाव मिळालं 'निर्मल निरोप'. जिल्ह्याजिल्ह्यांत टाक्या बसल्या. पहिले काही आठवडे ती ऐच्छिक होती आणि फारसं कुणी गेलं नाही. मग एका सकाळी अंत्यविधींच्या इंधनाबद्दलचा आदेश निघाला. जे पुरतात त्यांना तो लागू नव्हता. सैनिकांना सवलत होती, आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. बाकी सगळ्यांना टाकी.

रेवतीनं मोघ्यांना फोन केला. "आपलं असं ठरलं नव्हतं."

"तात्पुरतं आहे, मॅडम. युद्ध संपेपर्यंत. आणि घोषणा तुमच्या नावानं झाली आहे. अभिमान वाटू द्या."

तिला अभिमान वाटलाही. वर्गात मुलांनी टाळ्या वाजवल्या. पण गावात नवा वाक्प्रचार रुजला. भांडणात बायका एकमेकींना म्हणू लागल्या, "तुले टाकीत घालतीन!"

*

मे महिन्यात गोदावरीचा नवरा गेला. तुळशीराम बाजार समितीत हमाल होता. दुपारची वीज कापलेली, पत्र्याच्या शेडमध्ये पंखे बंद. पोती उतरवता उतरवता तो बसला आणि आडवा झाला. दवाखान्यात नेईपर्यंत संपला होता.

गोदावरी सकाळीच रेवतीच्या घरी आली. दारातच उभी राहिली.

"मॅडम, येक काम होतं. त्याईले आग द्याची हाये. तुमचा शब्द चालते तिथं."

रेवतीनं तिला हाताला धरून आत बसवलं. पाणी दिलं. "गोदाबाई, तुम्ही तर सगळं पाहिलंय. यात वाईट काही नाही. मातीत जे होतं तेच होतं, जरा लवकर."

"वाईट हाये असं म्या कुठं म्हनतो? म्या सोता गाईवासरं घातली त्याच्यात. म्हनून तर म्हनतो."

रेवती म्हणाली, "आज तुमच्यासाठी नियम मोडला तर उद्या दुसऱ्याला नाही कसं म्हणू? सगळ्यांना सारखं आहे, म्हणून तर लोक ऐकतायत."

गोदावरीनं तिच्याकडे पाहिलं. "सगळ्याईले सारखं हाये?"

"हो."

"मंग ठीक हाये," ती म्हणाली आणि उठली.

रेवती स्वतः स्मशानात गेली. क्षाराचं प्रमाण तिनं स्वतः तपासलं, विकर स्वतः ओतलं. गोदावरी आणि तिच्या दोन मुली टाकीच्या खोलीबाहेर भिंतीला टेकून बसल्या होत्या. रडायचं तरी कधी, हे त्यांना कळत नसावं. चितेला अग्नी दिला की माणसं मोकळी होतात, माघारी फिरतात. इथे नुसता पंप घरघरत होता. धाकटी मुलगी मधेच उठून झाकणाच्या काचेपाशी गेली. गोदावरीनं तिला मागे ओढलं.

दुसऱ्या दिवशी पांढरी पूड स्टीलच्या डब्यातून तिच्या हाती आली. गोदावरीनं डबा ओच्यात घेतला, आणि तेराव्यानंतर कामावर रुजू झाली.

त्यानंतर पंधरवडाही झाला नसेल. राज्याच्या ऊर्जामंत्र्यांच्या मातोश्री वारल्या. सगळ्या वाहिन्यांवर अंत्ययात्रा दाखवली. चंदनाची चिता, तुपाच्या घागरी. मंत्री हातात पलिता घेऊन उभे, ज्वाला मंडपाच्या वर गेलेल्या. महाविद्यालयाच्या ऑफिसातल्या टीव्हीसमोर सगळे जमले होते. गोदावरीही होती. तिनं शेवटपर्यंत पाहिलं आणि मग प्रयोगशाळेत जाऊन काचेच्या नळ्या धुवायला घेतल्या.

रेवतीनं पुन्हा मोघ्यांना फोन केला.

"परवाच आदेशात सुधारणा झाली," ते म्हणाले. "सार्वजनिक जीवनातल्या व्यक्तींची कुटुंबं वगळली आहेत. गर्दी असते, लोकभावना असतात."

"मी लोकांना सांगितलं की सगळ्यांना सारखं आहे."

"ते तुम्ही सांगितलं, मॅडम. आम्ही कधीच म्हटलं नव्हतं." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "आणि हो, योजनेच्या तज्ज्ञांची कुटुंबंही त्यात घेतली आहेत. तुमचे वडील आजारी असतात ना? मीच सुचवलं."

तिनं फोन ठेवला. त्या दिवसापासून गोदावरी आपला डबा व्हरांड्यात बसून खाऊ लागली.

*

रेवतीचे वडील श्रीपतराव. सगळे त्यांना बापू म्हणत. आयुष्यभर ते जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात बॉयलरवर होते. कारखाना बंद पडूनही आता जमाना झाला होता, पण बापूंच्या हातावरचे भाजल्याचे डाग तसेच होते. पावसाळा सरता सरता त्यांनी अंथरूण धरलं. एका दुपारी रेवती त्यांना पेज भरवत होती, तेव्हा त्यांनी तिचा हात थांबवला.

"रेवते, मले टाकीत नोको घालू."

बापूंशी ती वऱ्हाडीच बोलायची. "काहून, बापू? भेव वाटते?"

"भेव कायचं व? तुह्या टाकीत काई खोट नाई, मले ठाव हाये. पन म्या जलमभर आगीच्या तोंडाशी उभा राह्यलो. तिनं आपल्या घरादाराले भाकर देली. जाऊ तं तिच्याच हाती जाऊ. येवढंच."

रेवतीनं त्यांचं तोंड पुसलं, पांघरूण सारखं केलं. बापूंनी त्याचा अर्थ 'हो' असा घेतला आणि डोळे मिटले.

बापू दसऱ्याच्या आधी गेले. रेवतीचा थोरला भाऊ दिनकर अकोल्याहून आला. तिथे त्याचं कापडाचं दुकान होतं. तो आला तेव्हा दारात एक ट्रक उभा होता. तहसील कचेरीतला एक अधिकारी हात जोडून सांगत होता, मुंबईहून फोन आला होता, परवानगी तयार आहे, लाकूडही सरकारकडूनच. ट्रकमध्ये वाळलेलं सागवान रचलेलं होतं. गल्लीतली माणसं आपापल्या ओट्यांवर उभी राहून त्या लाकडाकडे पाहत होती. समोरच्या घरातली म्हातारी जुलैत टाकीत गेली होती. कोपऱ्यावरच्या पानवाल्याचा लहान मुलगाही. आणि स्वयंपाकघरात, आलेल्या माणसांसाठी गोदावरी चहा करत होती. ती बोलावल्याशिवाय आली होती.

"आलं ना लाकूड?" दिनकर म्हणाला. "मंग कायची वाट पाहून राह्यली?"

"ते परत पाठवते मी."

दिनकरला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो तिला ओढतच मागच्या अंगणात घेऊन गेला. "बापूनं मले फोनवर सांगतलं होतं. तुलेही सांगतलं, हो का नाई?"

"सांगितलं."

"मंग?"

"दादा, बाहेर बघ कोण कोण उभं आहे. गोदाबाईच्या नवऱ्याला मी टाकीत घातलं. त्यांना मी म्हटलं, सगळ्यांना सारखं आहे. आता माझ्या दारात सागवान आलं म्हणून मी बापूंना…"

"ते तुह्यं आन् तिचं. त्याचं बापूनं काय करावं?" दिनकरचा आवाज चिरकला. "बापूनं कोनाले काय शब्द देला होता? जनावराईसाठी केलेली टाकी हाये ते, रेवती. तू आपली मान वर ठेवाले बापाले त्याच्यात घालून राह्यली."

परवानगी रेवतीच्या नावावर होती. तिनं अधिकाऱ्याला नको म्हणून सांगितलं. त्यानं दोनदा खात्री करून घेतली, आणि ट्रक वळवला. वळताना मागचे काही ओंडके गल्लीत घसरून पडले. कुणीही ते उचलायला पुढे आलं नाही, आणि ट्रक दिसेनासा झाला तेव्हा ते तिथे उरलेही नव्हते.

दिनकर स्मशानात आला नाही. त्यानं अंगणातल्या नळाखाली अंघोळ केली, ओल्याच अंगावर सदरा चढवला आणि अकोल्याची बस धरली. हाडांसाठीही तो थांबला नाही.

टाकीचं झाकण रेवतीनं स्वतः लावलं. लावताना तिला वाटत होतं, आपण न्यायानं वागलो. ते वाटणं सुतक संपेपर्यंत टिकलं. ती कामावर गेली आणि दुपारी आपला डबा घेऊन व्हरांड्यात गोदावरीशेजारी जाऊन बसली.

गोदावरीनं भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

"मॅडम, माहा मानूस आगीबिगर गेला. आता तुमचे बापूही गेले. याच्यात मले काय भेटलं?"

"मला वाटलं…"

"तुमाले वाटलं, मले बरं वाटंन. नाई वाटलं. बापू मले पोरी म्हनत. त्याईले आग भेटली असती तं म्या दोन घास जास्त खाल्ले असते त्या दिवशी." तिनं डबा बंद केला. "तुमी माह्यासाठी केलं असं कोनाले सांगू नका. म्या मांगतलं नव्हतं."

*

युद्ध थांबलं. सुरुंग काढले गेले, जहाजं सुरू झाली. दर उतरले, चढले होते तेवढे नाहीत. एकेक हुकूम मागे घेतला गेला. आधी हॉटेलांत भजी तळली जाऊ लागली, मग दिवे लागले, मग दुकानं उशिरापर्यंत उघडी राहू लागली. 'निर्मल निरोप' मात्र कायम राहिली.

रेवतीला मुंबईला बैठकीला बोलावलं. वातानुकूलित खोलीत तिचा शाल देऊन सत्कार झाला. पडद्यावर योजनेचं यश दाखवलं गेलं. नवं धोरण असं होतं की टाकी सर्वांना मोफत, आणि ज्याला अग्नी हवा असेल त्यानं त्याचा पूर्ण खर्च सोसायचा. नगरपालिकांच्या जुन्या भट्ट्या मोडीत काढायच्या. अग्नीची सेवा खासगी कंपन्या देतील, बाग आणि वाहनतळासह.

"टंचाई संपली आहे," रेवती म्हणाली. "आता सक्तीचं कारण काय?"

"सक्ती कुठे आहे?" मोघे मृदू आवाजात म्हणाले. "ऐच्छिक हवं, असं पहिल्या दिवशी तुम्हीच म्हणाला होतात. आता ऐच्छिकच आहे."

"ज्याच्याजवळ पैसे नाहीत त्याची इच्छा कसली?"

कुणी वाद घातला नाही. एका अधिकाऱ्यानं तिच्या पुढ्यात पाण्याचा ग्लास सरकवला. दुसऱ्यानं समजावलं की युद्धात लागलेली सवय मोडायची म्हणजे पुन्हा खर्च आला, आणि तो कुणालाच परवडणारा नाही. विकराचे हक्क महाविद्यालयाकडून सरकारकडे गेले होते. तो जिवाणू आता तीन ठिकाणच्या कारखान्यांत वाढत होता. तिनं हो म्हटलं काय आणि नाही म्हटलं काय, टाक्या भरतच राहणार होत्या. परतीच्या प्रवासात ती शाल तिनं गाडीतच सोडली.

मग एक दिवस दिनकरच्या बायकोचा, वनिताचा, फोन आला. दिनकर बहिणीशी बोलत नव्हता. वनिता अधूनमधून त्याच्या नकळत बोलायची.

"ताई, यांनी काल बापूंचा पालाशविधी केला."

रेवतीनं ते नाव लहानपणी कधीतरी ऐकलं होतं. माणूस परमुलखात मेला, समुद्रात बुडाला, दरीत पडला आणि त्याचा देह हातीच लागला नाही, तर पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा माणूस करायचा. नारळाचं डोकं लावायचं, आणि त्याला रीतसर अग्नी द्यायचा.

"पण बापूंचा देह तर होता," रेवती म्हणाली.

"हे म्हणतात, नव्हता. म्हणतात, बापू हरवले असंच मी धरलंय."

अकोल्यातून ते कुरुंदपुरात आलं, का कुरुंदपुरात आधीपासून चालू होतं, कुणी सांगावं? पण त्या हिवाळ्यात पैनगंगेच्या काठी छोटे छोटे धूर दिसू लागले. ज्यांची माणसं टाकीत गेली होती ते पळसाची पानं गोळा करून आणत. पत्रावळी लावणाऱ्या बायका पानांची माणसंही बांधून देऊ लागल्या. जाळायला कुणी चुलीतलं लाकूड वाचवी, कुणी मोडकी खाट फोडी, कुणी घरची गॅसची टाकीच काठावर उचलून नेई. रेवतीनं एकदा मनाशी हिशेब करून पाहिला. योजनेनं जेवढं इंधन वाचवलं होतं, तेवढं ही पानांची माणसं जाळण्यात केव्हाच खलास झालं होतं.

सरकारनं त्याच्यावरही बंदी घातली. मोघ्यांचा फोन आला.

"मॅडम, एक छोटंसं निवेदन हवंय. दोनच ओळी. टाकीतल्या जलदाहानं अंत्यसंस्कार वैज्ञानिकदृष्ट्या पूर्ण होतो, नंतर काही जाळण्याची गरज नाही. तुमच्या नावाला वजन आहे."

"विज्ञानाला ते माहीत नाही," रेवती म्हणाली. "प्रथिनं तुटली की नाहीत, एवढंच त्याला कळतं. संस्कार पुरा झाला की नाही, ते मेलेल्याच्या घरच्यांना विचारा."

"हे मी लिहून घेऊ शकत नाही."

"नका घेऊ."

"बरं," मोघे म्हणाले. ते रागावले नव्हते. "हरकत नाही. दुसऱ्या एका प्राध्यापकांनी कालच दिलंय."

ते निवेदन दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत आलं. नदीवर पोलिसांची गस्त सुरू झाली.

त्याच आठवड्यात गोदावरीनं दुपारची रजा मागितली. कारण सांगितलं नाही. रेवतीनंही विचारलं नाही. ती गेल्यावर मात्र तिला प्रयोगशाळेत बसवेना. ती नदीकडे चालू लागली.

पुलाच्या खालच्या अंगाला, बाभळीच्या खुंटांमागे, गोदावरी होती. तिच्या दोन्ही मुली होत्या आणि तुळशीरामचा भाऊ होता. वाळूवर पानांचा माणूस निजवलेला होता. सुतानं घट्ट बांधलेला, चांगला पुरुषभर उंचीचा. अंगावर तुळशीरामचा हमालीचा लाल सदरा घातला होता. त्याच्याखाली काटक्या, फाट्या, पोत्यातला भुसा, चिरलेला एक पाट. गोदावरीनं मध्यंतरी दुपारी डबा आणणं सोडलं होतं; ती चुलीतलं सरपण वाचवत होती, हे रेवतीला आता कळलं.

गोदावरीनं तिला पाहिलं. मुलींनीही पाहिलं. कुणी या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. तुळशीरामच्या भावानं पुलाकडे एकदा नजर टाकली आणि खिशातून काडेपेटी काढली.

रेवती जवळ गेली. एक फाटी रचणीवरून निसटून वाळूत पडली होती. तिनं ती उचलली आणि पानांच्या माणसाच्या पायाशी ठेवायला वाकली.

"मॅडम," गोदावरी म्हणाली. आवाज शांत होता. "उभं राहाचं तं राहा. हात नका लावू."

रेवतीनं फाटी होती तिथे वाळूत ठेवली, आणि मागे सरून उभी राहिली.